व्हिडिओत काळे पट्टे पळतात? आधी छतावरची ट्यूब बंद करा

(आमच्याकडून मॉडेल रेल्वेचा लेआउट करून घेतलेल्या ग्राहकांसाठी)

गणपतीच्या आराशीत लेआउट मांडायचा, घाटातून गाडी सोडायची, मोबाईलवर व्हिडिओ काढून हौशी मंडळींच्या ग्रुपवर टाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला फोन: "तुमच्या लाईटा खराब आहेत, व्हिडिओत पट्टे पळतात." दर भाद्रपदात हे ठरलेलं. ऐन सणात निपाणीपर्यंत जाऊन आम्ही लाईटा तपासल्या आहेत. लाईटा ठणठणीत होत्या. दोष छतावरच्या ट्यूबचा होता.

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. त्यामुळे साध्या, स्वस्तातल्या एलईडी ट्यूबचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण मोबाईल चित्र ओळीओळीने टिपतो. काही ओळींना उजेड जास्त मिळतो, काहींना कमी. तेच हे पट्टे. लेआउटच्या कडेला आम्ही लावतो ती एलईडी पट्टी 12 व्होल्ट डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर), चांगल्या अडॅप्टरवर चालते. तिचा उजेड हलत नाही. अडॅप्टरच्या किमतीवरून बरीच घासाघीस होते, पण तो महागाचा देतो तो यासाठीच. (बाजारातला डिमर मध्येच जोडलात तर मात्र आमची पट्टीही लुकलुकेल. बहुतेक डिमर लाईट भराभर बंद-चालू करूनच उजेड कमी करतात.)

तेव्हा व्हिडिओ काढताना ट्यूब बंद. एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. ट्यूब हवीच असेल तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ, सेकंदात) 1/50 किंवा 1/100 ठेवा, म्हणजे तो ट्यूबच्या लुकलुकीशी जुळतो; 1/60 नको. स्लो मोशनला ही युक्ती चालत नाही: सेकंदाला 240 फ्रेम घेताना शटर 1/100 वर राहूच शकत नाही. तिथे डीसी पट्टी, नाहीतर खिडकीचा उजेड.

मुळात स्लो मोशन लागतं कशाला? गाडी भन्नाट सोडलेली असते म्हणून! आपले लेआउट एचओ मापाचे; या मापात सगळं खऱ्याच्या 87 पट लहान (1:87). ताशी 60 किलोमीटरची गाडी लेआउटवर सेकंदाला फक्त 19 सेंटीमीटर सरकायला हवी. बरेच जण आमच्याकडून कर्नाटकातून गोव्यात उतरणारा कॅसलरॉक–कुळे घाट करून घेतात. तिथला खरा चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर गेलं की 1 मीटर वर. अशा चढावर ताशी 30 धरा, म्हणजे साडेनऊ सेंटीमीटर. जाणकार आधी हेच बघतात, दूधसागरचं पाणी नंतर.

मोबाईल आडवा धरा, आणि उलटा करून लेन्स रुळांजवळ टेकवा. एचओमधला माणूस जेमतेम 2 सेंटीमीटर उंच; त्याच्या नजरेतून डोंगर डोंगरासारखा दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर गवताचा चिखल होतो.

एवढं करूनही पट्टे दिसले तर ट्यूब बंद ठेवून काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आधी पाठवा, मग फोन करा. आमच्या लाईटचा दोष निघाला तर बेळगाव, खानापूर, निपाणी कुठेही येऊन फुकट बदलून देऊ. ट्यूबचा निघाला तर येण्याजाण्याचा खर्च घेऊ. जुन्या लेआउटला डीसी पट्टी बसवायची असेल तर श्रावणातच सांगा. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात आम्हाला जेवायला सवड नसते.