मुर्नाउची काचचित्रे कांडिन्स्कीने शोधलेली नाहीत

जर्मनीत बव्हेरियातल्या मुर्नाउ गावची काचचित्रे म्हणजे कांडिन्स्की आणि गाब्रिएले म्युंटर या चित्रकारांचा शोध, असे सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. हे दोघे तिथे आले 1908 मध्ये. श्टाफेल तलावाकाठच्या मुर्नाउ, सेहाउझेन आणि उफिंगमधली कारागीर घराणी त्याच्या कितीतरी आधीपासून संतांची चित्रे काचेवर रंगवून विकत होती. गावातला बिअर बनवणारा योहान क्रोट्झ याच्याकडे अशा चित्रांचा मोठा संग्रह होता. म्युंटर तंत्र शिकली ती हाइनरिश रांबोल्ड या स्थानिक कारागिराकडून. त्याचे नाव मात्र क्वचितच घेतले जाते.

दुसरा गोंधळ चर्चच्या रंगीत खिडक्यांशी होतो. तिथे रंग भट्टीत भाजतात, इथे भाजत नाहीत. रंग काचेच्या मागच्या बाजूला लावतात आणि चित्र पुढून पाहतात, म्हणून सगळा क्रम उलटा. काच पुसून तेलकटपणा घालवायचा, खाली नमुन्याचा कागद ठेवायचा, आधी बाह्यरेषा आणि डोळ्यांतली चमक, ते वाळल्यावर अंगाचे व कपड्यांचे सपाट रंग, पार्श्वभूमी शेवटी. अक्षरे उलटी लिहायची. बुबुळ राहिले आणि वर गालाचा रंग चढला, की ते पुढून दिसणारच नाही. खरवडण्याशिवाय इलाज नाही.

काच रंग शोषत नाही, त्यामुळे दमट भिंतीवर पापुद्रे सुटतात. मागची बाजू कधीच पुसू नये. पुढून पुसतानाही पाणी थेट फवारू नये, ते चौकटीच्या कडेने आत शिरते.