दोन इंजिनी विमानाचे उड्डाण (सिम्युलेटरवरील सराव, नवी मुंबई)

दोन इंजिने असलेले विमान धावपट्टीवरून उचलण्याचा आणि त्या क्षणी एक इंजिन बंद पडल्यास ते सावरण्याचा, संगणकावरील आभासी विमानात केलेला सराव. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर किंवा एक्स-प्लेन, एक जॉयस्टिक आणि जमल्यास पायाची पॅडल्स एवढ्या साहित्यावर तो घरी करता येतो. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि 25 डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. त्यामुळे नेरूळ-खारघरच्या हौशी मंडळींना सरावासाठी घराजवळची धावपट्टी मिळाली. सिम्युलेटरची दृश्ये जुन्या माहितीवरची असतील तर मात्र तिथे धावपट्टीऐवजी उलव्याची टेकडी उभी दिसू शकते. सुमारे 90 मीटर उंचीची ही टेकडी कापून आणि उलवे नदीचा प्रवाह वळवून विमानतळाची जागा तयार झाली.

दोन्ही इंजिने चालू असताना हे उड्डाण अवघड नाही. बीचक्राफ्ट बॅरन 58 सारख्या विमानात ब्रेक धरून दोन्ही थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारे दांडे) सारखे पुढे न्यायचे, दोन्ही इंजिनांचे काटे जुळले की ब्रेक सोडायचे आणि वेग 85 नॉटच्या (ताशी सुमारे 157 किलोमीटरच्या) पुढे गेला की नाक अलगद उचलायचे. नवशिक्या इथेच खूश होतो. खरा धडा एक इंजिन गप्प झाल्यावर सुरू होतो.

इंजिने पंखांवर, म्हणजे मध्यरेषेपासून दूर असतात. डावे बंद पडले की उजवे विमानाला डावीकडे फिरवू लागते. हे फिरणे रडरने, म्हणजे पॅडलने हलणाऱ्या शेपटीवरच्या उभ्या पट्टीने रोखायचे असते, पण रडरचा जोर त्यावरून वाहणाऱ्या हवेवर अवलंबून असतो. ठरावीक वेगाखाली पॅडल पूर्ण दाबूनही नाक वळतच राहते आणि पाहता पाहता विमान उलटे होते. या किमान वेगाला व्हीएमसी म्हणतात; वेगदर्शकावर तिथे लाल रेघ असते, बॅरनला ती 84 नॉटवर. निळी रेघ 101 नॉटवर असते आणि एका इंजिनावर सर्वांत चांगली चढाई त्या वेगाला मिळते. लाल ते निळी हे मोजके सेकंद म्हणजेच या सरावाचा गाभा.

दोन्ही बाजूंचे इंजिन बंद पडणे सारखे नसते. मागून पाहिल्यास दोन्ही पंखे (प्रोपेलर) घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असतील, तर नाक वर असताना प्रत्येक पंख्याचे उजवीकडून खाली येणारे पाते जास्त ओढते. उजव्या इंजिनाचे ते पाते मध्यरेषेपासून अधिक लांब पडते. म्हणून डावे बंद पडून उजवे एकटे उरणे जास्त धोक्याचे, आणि डाव्याला ‘क्रिटिकल’ इंजिन म्हणतात. पायपर सेनेकामध्ये पंखे एकमेकांच्या उलट फिरतात, त्यामुळे हा भेद उरत नाही.

बंद इंजिन ओळखण्याची खूण पायात असते: ज्या पायाला जोर लावावा लागत नाही, त्या बाजूचे इंजिन गेले. खात्रीसाठी त्या बाजूचा थ्रॉटल मागे घ्यावा. काहीच फरक पडला नाही, तरच पंखा ‘फेदर’ करावा, म्हणजे पाती वाऱ्याला कडेने उभी राहून कमीत कमी अडवतात. घाईत चालू इंजिन फेदर करणारे बरेच असतात. सिम्युलेटरवर या चुकीची किंमत मोजावी लागत नाही. सोबत चालू इंजिनाच्या बाजूला साधारण 5 अंश कलायचे.

अर्धी शक्ती गेली म्हणून चढाई अर्धी राहत नाही. चढाई उरलेल्या जादा शक्तीवर होते आणि ती 80 ते 90 टक्के नाहीशी होते. उन्हाळ्यात 35 अंशांना समुद्रसपाटीवरची हवा विमानाला सुमारे 2,400 फूट उंचीवरच्या हवेसारखी विरळ वाटते. नवी मुंबईच्या 08 धावपट्टीवरून पूर्वेला निघाल्यास याचा अर्थ समोर दिसतो. पनवेलपलीकडे, सुमारे 15 किलोमीटरवर प्रबळगड आहे, उंची 2,300 फुटांच्या आसपास. 100 नॉटने तिथे पोहोचायला 5 मिनिटे लागतात. मिनिटाला 250 फूट मिळाले तरी हाती 1,250 फूटच येतात. तेव्हा वळण आधीच ठरवून ठेवावे लागते. उलट 26 वरून, म्हणजे त्याच धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून पश्चिमेला निघाले की पुढे उरणची बाजू आणि समुद्र. तिथे चुका पचतात.

या विमानतळाचा एक दोषही सांगायला हवा: 3,700 मीटरची धावपट्टी शिकणाऱ्याला लाडावते. बॅरन पहिल्या पाव भागातच हवेत असते. इंजिन गेले तर दोन्ही थ्रॉटल मागे ओढून समोरच उतरता येते, आणि पुष्कळदा तेच योग्यही असते. निर्णयाची खरी कसोटी जुहूला लागते. 1928 मध्ये सुरू झालेल्या त्या विमानतळाची मुख्य धावपट्टी 1 किलोमीटरहून थोडीच जास्त आहे आणि पश्चिमेला ती संपताच चौपाटी येते. 1932 साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले, तेही एकाच इंजिनाच्या पस मॉथमधून.

एअरबस ए320 सारख्या जेटमध्ये हा निर्णय आधीच आकड्यांत बांधलेला असतो. थ्रस्ट लिव्हर (जेटमधले थ्रॉटल) थोडे पुढे नेऊन दोन्ही इंजिने स्थिरावली की मग पूर्ण जोर द्यायचा. व्ही-1 या आधीच काढलेल्या वेगापर्यंत धावपट्टीवर थांबता येते. त्यानंतर इंजिन गेले तरी उडायचेच. अशा दोन इंजिनी जेटला चाके आत घेतल्यावर एका इंजिनावर किमान 2.4 टक्के चढ गाठावाच लागतो. छोट्या विमानांना असे कवच नसते.

घरच्या सरावाचे तास वैमानिकाच्या लॉगबुकात धरले जात नाहीत. पायाला लागणारा खरा जोरही तिथे समजत नाही. जॉयस्टिक मनगटाने पिळून रडर देणाऱ्याला तर मुळीच नाही. सिम्युलेटरमधली आपोआप रडर देणारी मदत चालू राहिली, तर सगळा सराव वाया जातो. एक्स-प्लेनमध्ये इंजिनाचा बिघाड ठरावीक वेगाला किंवा अवचित घडवता येतो. त्याहून बरे म्हणजे घरातल्या कोणाला तरी शेजारी बसवून हवे तेव्हा बटण दाबायला सांगावे. धाकट्या भावंडांना हे काम विशेष आवडते.