४४३ क्रमांकाचं दुसरं दार

रिव्हर्स प्रॉक्सीच्या (साइटच्या पुढे उभं राहून विनंत्या अ‍ॅपकडे पोचवणाऱ्या सर्व्हरच्या) सेटिंगमध्ये एचटीटीपी/३ ची, म्हणजे वेबच्या नव्या प्रोटोकॉलची, ओळ टाकली, साइट उघडली, म्हणजे काम झालं असा समज सर्रास आढळतो. प्रॉक्सी कंटेनरमध्ये, म्हणजे बाकीच्यांपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, चालत असेल तर तो अनेकदा फसतो आणि फसल्याचं कळतही नाही.

एचटीटीपी/३ (आरएफसी ९११४, जून २०२२) टीसीपीवर नव्हे, यूडीपीवरच्या क्विक या प्रोटोकॉलवर चालतो. टीसीपी आणि यूडीपी या नेटवर्कवर पाकिटं पोचवायच्या दोन रीती, आणि पोर्ट म्हणजे सर्व्हरचं क्रमांकाचं दार. टीसीपीचा ४४३ आणि यूडीपीचा ४४३ ही दोन वेगळी दारं. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनात '४४३:४४३' लिहिलं की फक्त टीसीपीचं उघडतं. शेवटी '/यूडीपी' जोडलेली दुसरी ओळ लागते. फायरवॉलचंही तेच.

ब्राउझर सहसा आधी टीसीपीनेच येतो. उत्तरातल्या 'ऑल्ट-एसव्हीसी' हेडरमधून त्याला यूडीपीचा पत्ता मिळतो. कॅडी हा प्रॉक्सी हे हेडर आपोआप पाठवतो, एनजिनएक्स या प्रॉक्सीत हाताने लिहावं लागतं. ट्रेफिक नावाचा प्रॉक्सी कंटेनरच्या आत ८४४३ वर ऐकत असेल, तर हेडरमध्येही ८४४३ जातो. म्हणून जाहीर करायचा पोर्ट ४४३ असा वेगळा द्यावा. पत्ता चुकला की ब्राउझर निमूटपणे टीसीपीवर परततो. साइट चालूच राहते, त्यामुळे कोणी शोध घेत नाही. खात्रीसाठी कर्ल या कमांड-लाइन साधनाला 'फक्त एचटीटीपी/३' चा पर्याय देऊन पाहावं. टीसीपीची पळवाट बंद झाली की दोष उघडा पडतो.

आता क्विकची खरी करामत. टीसीपीत जोडणीची ओळख म्हणजे दोन्हीकडचे आयपी आणि पोर्ट. फोन वायफायवरून मोबाइल डेटावर गेला की आयपी बदलतो, जोडणी तुटते. क्विकमध्ये पाकिटावर जोडणी-क्रमांक असतो, जास्तीत जास्त २० बाइटचा. पाकीट कुठूनही येवो, क्रमांकावरून सर्व्हर जुनी जोडणी ओळखतो.

पण मध्ये साधा लोड बॅलन्सर (अनेक सर्व्हरमध्ये काम वाटणारा) असला, तर तो आयपी आणि पोर्टच बघतो. नवा आयपी दिसला की पाकीट भलत्याच प्रॉक्सी-कंटेनरकडे जातं. त्याच्याकडे त्या जोडणीच्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्या नसतात. पाकीट वाया, डाउनलोड अर्धवट. एका एनजिनएक्सच्या अनेक वर्करमध्येही (काम वाटून घेणाऱ्या प्रक्रियांमध्येही) हेच होतं. त्यावर 'क्विक_बीपीएफ' हे एनजिनएक्सचं सेटिंग उपाय आहे; ते बीपीएफ, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) आत चालणारा छोटा प्रोग्राम, वापरतं. त्याला लिनक्स ५.७ किंवा पुढचं कर्नल लागतं, आणि बीपीएफ लोड करायची परवानगी कंटेनरला मुळात नसते, ती वेगळी द्यावी लागते.

एचटीटीपी/३ ने साइट दुप्पट वेगवान होते, या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये. प्रॉक्सीपासून अ‍ॅपपर्यंतचा टप्पा बहुधा एचटीटीपी/१.१ वरच असतो, आणि मंद डेटाबेस मंदच राहतो. फायदा होतो तो पाकिटं गळणाऱ्या मोबाइल नेटवर्कवर: एक पाकीट हरवलं तर फक्त त्याचा प्रवाह थांबतो, बाकीचे पुढे जातात.