फळी एक, हिशोब दोन

गेल्या श्रावणात बडोद्याला मावशीकडे गेलो होतो. रावपुऱ्यात, तांबेकरवाड्यापासून जवळच तिचं जुनं लाकडी घर. माडीच्या दर्शनी बाजूची एक फळी खालच्या कडेला काळवंडली होती. एक मिस्त्री म्हणाला, "वाळवी आहे, औषध मारून एवढी फळी बदलू." दुसऱ्यानं तिप्पट आकडा सांगितला. मावशीला तो लुबाडणारा वाटला.

मी फळीत टोच्या खुपसला, तो बोटभर सहज आत गेला. आत वाळवीची माती नव्हती. लाकूड तपकिरी होऊन उभं-आडवं तडकलं होतं, त्याचे चौकोनी खडे सुटत होते आणि चिमटीत दाबले की पीठ. हे बुरशीचं काम.

याला ड्राय रॉट, म्हणजे 'कोरडी कूज' म्हणतात, आणि घोटाळा नावापासूनच सुरू होतो. लाकडातलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांखाली असेल तर ही बुरशी रुजतच नाही. लाकूड कोरडं दिसतं ते कुजून झाल्यावर. खरी ड्राय रॉट म्हणजे सर्प्युला लॅक्रिमॅन्स. ती थंड हवेतली, बडोद्याचा उन्हाळा तिला सोसत नाही. आपल्याकडे असतात त्या तिच्याच पद्धतीनं लाकूड खाणाऱ्या आणि त्याला तपकिरी करून सोडणाऱ्या दुसऱ्या बुरश्या.

ती पद्धत मला विलक्षण वाटते. लाकडाच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोजचे लांब धागे असतात आणि लिग्निन त्यांना घट्ट धरून ठेवतं. बुरशीची विकरं, म्हणजे लाकूड पचवणारी एन्झाइमं, आकारानं मोठी, त्या भित्तिकेच्या छिद्रांत मावत नाहीत. म्हणून बुरशी आधी चिमुकले रेणू पुढे धाडते. त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल लाकडातलं लोह सोडवून घेतं, ते लोह हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटतं आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा अतिशय क्रियाशील तुकडा तयार होतो. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हेन्री फेंटननं १८९४ मध्ये वर्णन केलेली अभिक्रिया ती हीच. हे रॅडिकल क्षणार्धात शेजारच्या रेणूवर तुटून पडतं आणि सेल्युलोजचा धागा मधेच तोडतं. धागे तुटले की लाकडाची ताकद गेली. वजन जेमतेम १० टक्के घटलेलं असतं, तोवर ताकद निम्म्याहून खाली आलेली असू शकते. फळी दिसते धड, पण भार पेलत नाही.

दुसऱ्या मिस्त्रीचा आकडा इथून येतो. डोळ्यांना दिसते ती कूज, पण बुरशीचे तंतू त्यापलीकडच्या धड वाटणाऱ्या लाकडातही शिरलेले असतात, म्हणून कापायचं ते काळ्या डागाच्या बरंच पुढपर्यंत. फळीमागचा वासा कुजला असेल तर आधी टेकू द्यावा लागतो. माडीची उंची म्हणजे परांची आली. नवं लाकूड सागाचं घ्यायचं तर तेही गाभ्याचं. सालीजवळचं पांढरट लाकूड स्वस्त मिळतं, पण बुरशीपुढे टिकत नाही. अमेरिकेत घरांच्या बाहेरून फळ्या ठोकतात, साइडिंग म्हणतात त्याला. तिथेही दुरुस्तीचा खर्च याच गोष्टींवर ठरतो: कूज मागे किती शिरली, ओल कुठून आली, हात पोचायला किती उंच.

शेजारच्या काकूंनी वास्तुशांती सुचवली. बुरशीला दिशा कळत नाही, पाणी कळतं. वरून फासायच्या "कूजनाशक" रंगाचंही तेच. ओल्या लाकडावर रंग चढवला की पाणी आतच कोंडतं.

शेवटी मावशीनं दुसऱ्या मिस्त्रीलाच काम दिलं. पहिले दोन दिवस त्यानं फळीला हात लावला नाही, वरची गळकी पन्हळ बदलली.