गॅस कॉम्प्रेसरसाठी मोठी मोटर घेताना

आमच्याकडे येणारी चौकशी बहुधा एका ओळीची असते : "कॉम्प्रेसरला पाच मेगावॉटची मोटर हवी, दर कळवा." दर कळवू. पण एवढ्या मोठ्या मोटरींचं घोडं चालताना फारसं अडत नाही, अडतं ते सुरू होताना. म्हणून आधी त्याबद्दल.

सुरू होणे

थेट लाइनवर सुरू केलेली इंडक्शन मोटर पूर्ण भाराच्या पाच-सहा पट करंट ओढते. लाइन कमकुवत असली की व्होल्टेज पडतं, आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. व्होल्टेज ८० टक्क्यांवर आलं, तर टॉर्क उरतो ६४ टक्केच. आता समजा, सेंट्रिफ्यूगल (फिरत्या चाकाने गॅस दाबणारा) कॉम्प्रेसर ट्रिप झालाय, म्हणजे अचानक बंद पडलाय, आणि आत गॅस दाबाखाली तसाच कोंडलेला आहे. वेग वाढेल तसा कॉम्प्रेसर जास्त टॉर्क मागतो. पूर्ण वेग येण्याआधीच दोघांचा टॉर्क सारखा झाला, तर मोटर तिथेच अडकते, रोटर (आतला फिरता भाग) तापत जातो आणि संरक्षक रिले तिला बंद करतो. गॅस फ्लेअरला (जाळायच्या चिमणीला) सोडून दाब उतरवला की मोटर सुटते खरी, पण प्रत्येक ट्रिपनंतर गॅस जाळणं परवडेल का, हे खरेदीआधी ठरवा.

व्हीएफडी हवाच का?

व्हीएफडीवर (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर) मोटर हळूहळू, पूर्ण भाराच्या आसपासच्या करंटवर सुरू होते. शिवाय सेंट्रिफ्यूगल कॉम्प्रेसरची पॉवर ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते : वेग ८० टक्के, तर पॉवर साधारण ५१ टक्के. गॅसचा प्रवाह कमी-जास्त होत असेल, तर व्हीएफडी घ्याच.

प्रवाह बारा महिने सारखाच असेल, तर मात्र आम्ही तो सुचवत नाही. पाच मेगावॉटवर तीन टक्के लॉस धरला तरी १५० किलोवॉट उष्णता होते, आणि ती रात्रंदिवस खोलीबाहेर काढायची असते. वर हार्मॉनिक्सचा (ड्राइव्हमुळे सप्लायच्या लहरीत येणाऱ्या बिघाडाचा) बंदोबस्त आलाच. अशा ठिकाणी फक्त सुरू करण्यापुरता एक ड्राइव्ह ठेवून मोटरी एकेक करून लाइनवर घेता येतात.

रेसिप्रोकेटिंग, म्हणजे पिस्टनच्या, कॉम्प्रेसरचं गणित निराळं. त्याचा टॉर्क प्रत्येक फेऱ्यात वर-खाली होतो, त्यामुळे करंटही डोलतो. पुरेसा फ्लायव्हील आणि संपूर्ण शाफ्ट-रांगेचा टॉर्शनल (पिळाच्या कंपनांचा) अभ्यास, दोन्ही लागतंच. वेग बदलता ठेवला तर कुठल्या ना कुठल्या वेगाला रेझोनन्स गाठ पडतो. म्हणून इथे प्रवाह कॉम्प्रेसरवरच्या अनलोडर (व्हॉल्व्ह उघडे धरणारी यंत्रणा) आणि क्लिअरन्स पॉकेटवर (सिलिंडरची जादा पोकळी) सांभाळायचा आणि मोटर संथ, स्थिर वेगाची सिंक्रोनस (लाइनच्या फ्रिक्वेन्सीशी वेग बांधलेली) घ्यायची, असं आमचं मत. ५० हर्ट्झवर २० पोलची मोटर ३०० आरपीएमला फिरते, गिअरबॉक्सची गरज नाही, आणि पॉवर फॅक्टरही हातात राहतो.

स्फोटक क्षेत्र

स्फोटक गॅसचे गट पाडलेले असतात आणि मोटर त्या गटाला योग्य लागते; मिथेन आयआयए गटात येतो. पुढे गॅसमध्ये हायड्रोजन मिसळायचा बेत असेल तर आत्ताच सांगा, गट बदलू शकतो. एक्स-पी मोटर (आत दाबाखाली स्वच्छ हवा ठेवलेली) सुरू करण्याआधी पर्ज करावी, म्हणजे आतली हवा बदलून घ्यावी लागते, तो वेळ रीस्टार्टमध्ये धरा. मोटर ड्राइव्हवर चालणार असेल, तर प्रमाणपत्रही तसंच असायला हवं.

चौकशीसोबत पाठवा

कॉम्प्रेसरचा टॉर्क-वेग आलेख (कोंडलेल्या दाबासह), इनर्शिया (फिरत्या भागांचं जडत्व), लागोपाठ किती स्टार्ट लागतील ते, प्रवाहाची कमाल-किमान मर्यादा आणि सप्लायचा शॉर्ट-सर्किट एमव्हीए (लाइन किती भक्कम आहे ते सांगणारा आकडा). हा शेवटचा आकडा सगळे कमाल पाठवतात, कारण स्विचगिअरसाठी तोच काढलेला असतो. आम्हाला किमान हवा, कारण लाइन सर्वांत कमकुवत असतानाच सुरू होताना व्होल्टेज जास्त पडतं.