काडतुसाचा काठ आडवा येतो तेव्हा

मोठ्या माथ्याचे दोन खिळे टेबलावर एकमेकांना चिकटून ठेवा. एकाचा माथा दुसऱ्याच्या माथ्याच्या किंचित मागे येऊ द्या आणि त्या मागच्याला टोकाच्या दिशेने ढकला. तो सुटत नाही. माथ्याला माथा अडतो आणि दुसराही फरफटत येतो. आता माथ्यांचा क्रम उलटा करून पाहा, तोच खिळा अलगद निघतो. रिव्हॉल्व्हरची काडतुसं अर्धस्वयंचलित, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर पुढचं काडतूस आपणच भरून घेणाऱ्या, रायफलमधून उडवू पाहणाऱ्यांची निम्मी डोकेदुखी या दोन खिळ्यांत आहे.

१९३५ साली आलेलं पॉइंट ३५७ मॅग्नम हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस घ्या. त्याच्या पितळी पुंगळीचा व्यास सुमारे ९.६ मिलीमीटर, पण बुडाशी असलेल्या काठाचा, म्हणजे रिमचा, ११.२. चहूबाजूंनी जेमतेम ०.८ मिलीमीटर बाहेर आलेली ही कड रिव्हॉल्व्हरमध्ये दोन कामं करते. काडतूस सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसं ठेवायच्या फिरत्या नळकांड्याच्या, भोकात किती आत जाणार हे ती ठरवते आणि रिकाम्या पुंगळ्या बाहेर काढताना चांदणीसारखा एक्स्ट्रॅक्टर तिलाच धरून ढकलतो. काठ नसला तर काय होतं, हे अमेरिकी सैन्याला पहिल्या महायुद्धात कळलं. पिस्तुलं पुरेनात म्हणून १९१७ मध्ये पिस्तुलाचंच, बिनकाठाचं पॉइंट ४५ काडतूस रिव्हॉल्व्हरमध्ये वापरायचं ठरलं. मग तीन-तीन काडतुसं धरणाऱ्या अर्धचंद्राकृती पोलादी क्लिपा आल्या. उसना काठच तो!

रायफलमध्ये मात्र काडतुसं मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या डब्यात, एकावर एक रचलेली असतात. खालून स्प्रिंग त्यांना वर रेटते आणि पुढे झेपावणारा बोल्ट, म्हणजे मागेपुढे सरकणारा पोलादी ठोकळा, सगळ्यात वरचं काडतूस चेंबरकडे, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीकडे, ढकलतो. वरच्याचा काठ खालच्याच्या काठामागे गेलेला असेल, तर आपल्या खिळ्यांचीच गत होते. याला ‘रिम लॉक’ म्हणतात. उपाय सोपा वाटतो: प्रत्येक वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या पुढे ठेवायचा. पण मग तो काठ खालच्या पुंगळीवर टेकतो आणि वरचं काडतूस मागच्या बाजूने ०.८ मिलीमीटर उचललं जातं. दहा काडतुसांच्या एकेरी चळतीत अशा नऊ जागा, म्हणजे सात मिलीमीटरहून जास्त. शिवाय काठाची जाडी सुमारे दीड मिलीमीटर, तेवढं प्रत्येक काडतूस पुढे सरकतं. सरळ डब्यात ही चळत नीट बसायची नाही. डबा वाकवावा लागतो, पुढे कलवावाही लागतो.

दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिशांची ब्रेन मशीनगन आठवा. तिची मूळ चेक बंदूक बिनकाठाच्या ७.९२ मिलीमीटर काडतुसाची, मॅगझिन सरळ. ब्रिटिशांनी ती आपल्या काठाच्या पॉइंट ३०३ साठी बदलून घेतली आणि मॅगझिनला तो ओळखीचा बाक आला. (पॉइंट ३०३ ची पुंगळी पुढे निमुळती होत जाते, त्याचाही त्यात वाटा आहे.) पुढे हीच बंदूक बिनकाठाच्या ७.६२ साठी पुन्हा बदलली, तेव्हा बाक बराच कमी झाला.

मला मात्र जास्त हुशार वाटतात ते चळतच टाळणारे. रुगर कंपनीने १९६१ मध्ये पॉइंट ४४ मॅग्नमची अर्धस्वयंचलित कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, काढली. तिची काडतुसं नळीखालच्या लांब ट्यूबमध्ये एकामागे एक राहतात, त्यामुळे काठांची गाठ पडण्याचा प्रश्नच नाही. दुसरा मार्ग फिरत्या मॅगझिनचा. तिथे प्रत्येक काडतुसाला स्वतःचा खाचा असतो. रायफलने रिव्हॉल्व्हरचीच युक्ती उचलली म्हणा ना.

काडतूस मॅगझिनमधून सुटलं तरी चेंबरपर्यंतचा प्रवास उरतोच. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस आधीच जागेवर बसलेलं असतं, त्यामुळे गोळीचं तोंड चपटं असलं तरी बिघडत नाही. तेच तोंड रायफलमध्ये मॅगझिन आणि चेंबरमधल्या उतारावरून चढताना चेंबरच्या कडेला थडकतं.

आणि मग ताकदीचा हिशेब. गोळी उडाली की त्याच स्फोटातून बोल्टला मागे ढकलण्याची, पुंगळी बाहेर फेकण्याची आणि स्प्रिंग दाबण्याची ऊर्जा काढायची असते. पॉइंट ३५७ मॅग्नमचा कमाल दाब ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), म्हणजे वातावरणाच्या सुमारे २,४०० पट. त्याच्याच नळीत चालणाऱ्या, सुमारे ३ मिलीमीटरने आखूड पुंगळीच्या पॉइंट ३८ स्पेशलचा दाब याच्या निम्माच. रिव्हॉल्व्हरला दोन्ही सारखेच, कारण सिलिंडर फिरवायला चाप ओढणारं बोट आहे. बोल्ट मात्र दणकट काडतुसासाठी जुळवलेला असेल तर पॉइंट ३८ च्या धक्क्याने अर्ध्या वाटेतच थांबतो. पुंगळी दारातच अडकून राहते आणि ती हाताने काढावी लागते.