पार्श्वभूमी : धोका ओळखणारी प्रश्नावली मराठीत आणताना

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या 1,764 महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. ठाण्यात बाळकुमचं मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र असो की नेरूळ-ऐरोलीची कॉलेजं, धोक्यात असलेलं मूल वेळीच ओळखायचं कसं, हा प्रश्न सगळीकडे आहे. त्यासाठी प्रश्नावल्या आहेत, पण त्यांची पारख इथल्या मुलांवर व्हायला हवी.

या प्रश्नावल्यांचा जन्म दवाखान्यातला. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अॅरन बेक यांनी सहकाऱ्यांसह 1974 मध्ये निराशा मोजणारी आणि 1979 मध्ये आत्महत्येचे विचार मोजणारी मापनपट्टी मांडली. 2001 मध्ये ऑगस्टिन ओस्मान आणि सहकाऱ्यांनी चार प्रश्नांची छोटी प्रश्नावली शाळा-कॉलेजातल्या मुलांवरही तपासली. आजवर कधी विचार किंवा प्रयत्न केला का, गेल्या वर्षात विचार किती वेळा आला, कुणाला बोलून दाखवलं का, पुढे तसं घडण्याची शक्यता किती, एवढंच तिच्यात विचारलेलं असतं. गुण 3 ते 18. सर्वसाधारण तरुणांसाठी धोक्याची रेषा 7 गुणांपासून, मनोरुग्णालयातल्या प्रौढांसाठी 8 पासून. म्हणजे एकाच देशात, एकाच भाषेतसुद्धा गट बदलला की रेषा सरकली. मग तीच रेषा ठाण्यात जशीच्या तशी कशी चालेल?

आपल्याकडे कायद्याचा इतिहासही या कागदाला चिकटलेला आहे. 1860 च्या दंडसंहितेतलं कलम 309 प्रयत्न करणाऱ्यालाच शिक्षा सांगत होतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरून तिला शिक्षेतून वाचवलं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते कलम राहिलं नाही. तोवर पहिल्या प्रश्नात प्रयत्नाला 'हो' म्हणणं म्हणजे कागदावर गुन्ह्याची कबुलीच होती. घराघरांतली ती भीती कायद्याबरोबर एका दिवसात जात नाही.

ठाण्यात तिच्या जोडीला आणखी एक ओझं आहे. इथलं मनोरुग्णालय 1901 पासूनचं, आणि 'ठाण्याला पाठवा' हा टोमणा कित्येक पिढ्यांनी ऐकलेला. 1990 मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इथेच मानसिक आरोग्याची संस्था उभी केली, हा मला या शहराच्या इतिहासातला मोठा टप्पा वाटतो.

म्हणून पडताळणी बाकावर सुरू होते. शेजारच्याला खूण दिसत असेल, तर मुलगी खरं लिहिणार नाही. शेवटचा प्रश्न कोरा ठेवेल. अशी कोरी उत्तरं किती आणि कुठल्या प्रश्नाला, हेही मोजावं लागतं. उलट भाषांतर करून मूळ मजकुराशी ताडून पाहण्याची पद्धत 1970 पासून रूढ आहे, पण ती पहिली पायरी. खरी कसोटी पुढची : गुण माहीत नसलेल्या तज्ज्ञाने त्याच विद्यार्थ्याची स्वतंत्र मुलाखत घ्यायची आणि दोन्ही निष्कर्ष जुळवायचे. रेषा वर नेली तर धोक्यातली मुलं निसटतात, खाली आणली तर समुपदेशकाच्या दाराशी रांग लागते.

विचारल्यानेच मुलांच्या डोक्यात नको ते येईल, अशी शंका पालक काढतात. न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये दोन हजारांहून जास्त मुलांवर झालेल्या, 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं आढळलं नाही. मात्र ज्याचे गुण रेषेपलीकडे गेले, त्याच्याशी त्याच दिवशी बोलणारं माणूस कॉलेजात हजर हवं. ती सोय नसेल तर फॉर्म वाटूच नयेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांकही प्रत्येक फॉर्मवर छापावा. तिथे मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत.